जागीचा माळा

पुढे जे सांगणार आहे ते मला कितपत नीट आठवते, याची खात्री मी देऊ शकत नाही, हे आधीच सांगितलेले बरे. ही हकीकत माझ्या केराआत्याने मला सांगितली. आत्या गावातच दिलेली होती. तिला ती तिच्या सासूने सांगितली होती, आणि त्या सासूला आणखी कोणी. निशाणाचा कोपरा हिरवा होता असे आत्या म्हणाली, हे मी धरून चाललो आहे. पण एखाद्या दिवशी अंघोळ करताना एकदम वाटते की ती पिवळा म्हणाली होती. माणसे एकोणीस गेली की सतरा, यातही एकदा माझी गफलत झाली आहे. बत्तीस वर्षे मी कायद्याच्या महाविद्यालयात पुराव्याचा कायदा शिकवला. ऐकीव गोष्ट पुरावा होत नाही, हे वाक्य दर वर्षी पहिल्याच तासाला फळ्यावर लिहीत असे. आता निवृत्त होऊन गावी राहायला आलो, तर येणाऱ्या पाहुण्यांना सांगायला माझ्यापाशी ऐकीव गोष्टीखेरीज काही नाही.

पाहुणे येतात ते बहुतेक येळवशीला. मार्गशीर्ष अमावास्येला आमच्या भागात घरात कोणी राहत नाही. सगळे गाव रानात जाते. कडब्याची खोपटीसारखी कोप उभारतात, तिच्यात पाच दगडांचे पांडव मांडतात, काळ्या आईला भज्जी, उंडे, खीर दाखवतात आणि मग वाटेने जाईल त्याला हाक मारून आंबील पाजतात. सोलापूर-पुण्याहून नातेवाईक येतात, त्यांच्याबरोबर त्यांचे मित्र येतात, मित्रांबरोबर कॅमेरे येतात. जेवून झाले की त्यांतले कोणी तरी नदीकडे बोट दाखवते आणि विचारते, "सर, त्या बाई तिकडे एकट्याच का बसल्यात? बोलवा ना त्यांना जेवायला."

मग गावातले लोक म्हणतात, "मास्तरांस्नी इचारा. ते शिकलेले हायत."

आमच्या तांबरदऱ्याच्या दक्षिणेला नदीचा उतार आहे, म्हणजे पाणी गुडघ्याएवढेच असल्यामुळे पायी ओलांडता येते अशी जागा. उतारापासून वर चढत गेलेल्या रानात बाभळीच्या चार मेढींवर एक माळा उभा आहे, पीक राखणारा बसतो तसा. रानात दर वर्षी जोंधळा पेरतात, पण त्या रानातली पाखरे कोणी हाकलत नाही. येळवशीच्या दिवशी गावातली एक बाई सूर्य उगवताना माळ्यावर चढते आणि मावळेपर्यंत तिथेच असते. मांडीवर गोफण असते, गोफणीत दगड नसतो. ती दिवसभर जेवत नाही, कोणाशी बोलत नाही, आणि डोळा मिटत नाही. चहूकडच्या रानांतून हसण्याचे, हाका मारण्याचे आवाज तिच्यापर्यंत येतात. तिला कोणी हाक मारीत नाही. या माळ्याला गावात जागीचा माळा म्हणतात.

दोनशे वर्षांपूर्वीची गोष्ट आहे, असे सांगतात. तेव्हा हे गाव एका गढीच्या ताब्यात होते. गढीची फौज होती, आणि फौज म्हणजे काही परकी माणसे नव्हती. ही गोष्ट घडली त्याच्या आदल्या दसऱ्याला ती फौज दोन दिवस गावच्या माळावर उतरली होती. तिचे निशाण खालच्या कोपऱ्याला फाटले होते. गावातल्या बायकांनी ते मागून घेतले आणि गोजरा नावाच्या सुनेने आपल्या चोळीच्या खणातला तुकडा काढून त्याला ठिगळ लावले. भगव्या निशाणाला हिरवा कोपरा. शिपाई हसले म्हणे. "आता आम्ही तुमच्या गावचे जावई," असे त्यांच्यातला एक जण म्हणाला. बायकांनी त्याला विचारले, "मग धोंड्याच्या महिन्यात येतोस का वाण न्यायला?" अशी त्यांची थट्टा चालली होती. हे मुद्दाम सांगतो, कारण हे सांगितल्याशिवाय आत्या पुढे जात नसे.

गोजराचा नवरा हरबा. त्यांचे रान उतारावरचे, म्हणजे आज माळा आहे तेच. त्या वर्षी पेर लवकर झाली होती आणि येळवशीलाच कणसांत दूध भरले होते. घरातले एक माणूस माळ्यावर हवेच होते. सासू म्हणाली, "तू बस सकाळचं. दुपारी म्या येते, मग तू जेवाया जा." गोजरा माळ्यावर चढली. खाली जोंधळा पुरुषभर उंच होता. त्यात शिरलेल्या माणसाला दोन हातांपलीकडले दिसत नसे. माळ्यावरून मात्र उतार, नदीपलीकडची वाट, अलीकडची पांढरी, म्हणजे गावठाणाची पांढऱ्या मातीची जमीन, सगळे तळहातावर असल्यासारखे दिसत होते.

त्या पांढरीत गावाची पेवे होती. जमिनीत विहिरीसारखे खोल खड्डे खणून, आत कडबा लावून, वर्षाचे धान्य त्यांत पुरून ठेवीत. गावाचे तोंड तिथे होते, असे आत्या म्हणे.

दुपारच्या आधी नदीपलीकडे धूळ उठली. राखणदाराचे काम पाखरे हाकण्याचे, पण धूळ दिसली तर हाकारा घालण्याचेही असते. एक हाकारा ऐकला की रानातली सगळी माणसे जोंधळ्यात शिरत, आणि जोंधळ्यात शिरलेला माणूस सापडत नाही. गोजरा उभी राहिली. तिने तोंडापाशी हात नेले. तेवढ्यात धुळीतून निशाण वर आले आणि तिला त्याचा कोपरा दिसला. हिरवा.

तिने हात खाली घेतले, आणि बसली.

खाली उतारापाशी लोकांनीही फौज पाहिली आणि ओळखली. येळवशीच्या दिवशी वाटेवरच्या माणसाला उपाशी जाऊ देत नाहीत. पाटलाचा मुलगा बयाजी आंबिलीची केळी, म्हणजे मातीचे मडके, घेऊन पाण्यापर्यंत गेला. हरबा गेला. गोजराची सासू गेली. एकोणीस माणसे होती. या आकड्यावर मी आता ठाम राहतो.

फौज कुठे तरी हरून मागे हटत होती, असे सांगतात. गनीम एका दिवसाच्या मजलेवर मागून येत होता. त्याच्या हाती दाणा लागू नये म्हणून वाटेतल्या गावांची पेवे फोडून जाळायची, असा त्यांना हुकूम होता. आधी ते आंबील प्याले म्हणे. मग पेवांकडे वळले. माणसे पेवांच्या तोंडाशी जाऊन उभी राहिली. पुढचे गोजराने माळ्यावरून पाहिले. आत्या ते सविस्तर सांगत असे, कोण कुठे पडले ते नावानिशी. मी पाहुण्यांना ते सांगत नाही. मला ती नावे क्रमाने येत नाहीत, आणि ती चुकीच्या क्रमाने घेण्यापेक्षा न घेतलेली बरी, असे वाटते.

आपापल्या रानात, जोंधळ्याच्या आड असलेल्या लोकांनी आवाज ऐकले. धूर दिसला. पण पाहिले कोणी नाही. उतारापाशी ज्यांनी पाहिले त्यांतले एकही माणूस राहिले नाही. ऐकणारे पुष्कळ होते आणि पाहणारी एकटी गोजरा.

महिन्याभराने निरोप आला की चौकशीसाठी गढीवरून कारकून येतो आहे. गाव चरकले. चौकशी कशासाठी, ते सगळ्यांना कळत होते. आजूबाजूच्या गावांत कुजबूज सुरू झाली होती आणि गढीला गनिमाचे नाव कागदावर हवे होते. ते न मिळाले तर फौज परत येईल, आणि या वेळी जोंधळाही उभा नसेल.

सटवाजी पाटील हे तेव्हा गावचे पाटील. बयाजीचे वडील. ते आदल्या दिवशी गोजराच्या दारात आले आणि उंबऱ्याबाहेर बसले.

"गोजरे, उद्या कारकून येतोय. तुला इचारंल."

"इचारू द्या, मामा."

"त्याला गनिमाचं नाव पायजे."

"म्या गनीम पाहिला न्हाई."

"कुणी पाहिलाय? त्याला निस्ता कागदावर पायजे."

पाटलांनी पागोट्याचे टोक चाचपले. मग म्हणाले, "बरं, गनीम म्हणू नगंस. तुला खोटं बोलाया कोण सांगतंय? येवढंच म्हण, झोप लागली हुती. उन्हाची येळ, माळ्यावर वारा. कुणाला बी लागती."

"मला माळ्यावर कवा झोप लागली न्हाई."

"मग आता लागू दे," पाटील म्हणाले. "गावासाठी लागू दे."

गोजरा उंबऱ्याच्या आत उभी होती. ती म्हणाली, "मामा, बयाजीभाऊजी पुढं गेलं, तवा त्यांच्या हातात केळी हुती. ती त्यांनी खाली टाकली न्हाई. पडताना बी धरून हुते. हे म्या पाहिलं. म्या झोपले हुते म्हणलं, तर बयाजीभाऊजीला कुणी पाहिलं?"

पाटील उठले. जाताना जोडे घालायला विसरले आणि अनवाणीच घरी गेले, असे सांगतात. त्यांचे जोडे दुसऱ्या दिवशी सकाळी गोजराने त्यांच्या दारात नेऊन ठेवले.

चौकशी उतारावरच झाली. साक्षीदाराला नदीच्या पाण्यात उभे करून शपथेसाठी हातात बेलभंडार द्यायचा, अशी त्या काळची रीत होती. सगळे गाव काठावर बसले. कारकुनाने आधी पुरुषांना विचारले. त्यांनी सांगितले की आम्ही जोंधळ्यात होतो, दिसले नाही, गनीमच असेल. शेवटी गोजरा पाण्यात उतरली.

"कोण होते, बाई?"

"आपले हुते."

"आपले म्हणजे कोण?"

"गढीचे. निशाणाच्या कोपऱ्याला हिरवा खण हुता. तो म्या लावलाय."

कारकून हुशार होता. त्याने लेखणी खाली ठेवली आणि शांतपणे विचारले, "आणि तू माळ्यावर होतीस. फौज येताना दिसली. मग हाकारा का घातला नाहीस?"

हाच प्रश्न त्या महिन्याभरात गावातल्या प्रत्येकाने मनात विचारला होता, तोंडाने कोणीच विचारला नव्हता.

"आपले हुते म्हणून," गोजरा म्हणाली. "दुसरं कुणी असतं तर आरडले असते. समदी जोंधळ्यात गेली असती, एक बी मेलं नसतं. म्या वळखलं, म्हणून बसून ऱ्हायले. एकोणीस माणसं माझ्या वळखीनं गेली. हे बी लिवा."

कारकुनाने ते लिहिले नाही. त्याने बराच वेळ दुसरेच काही लिहिले आणि मग मोठ्याने वाचून दाखवले: गोजरा कोम हरबा, म्हणजे हरबाची बायको, माळियावर होती, निद्रा लागली, काही पाहिले नाही. गोजरा पाण्यातच उभी होती. तिने काठाकडे पाहिले. काठावरच्या एकाही माणसाने तिच्याकडे पाहिले नाही.

मग निशाण्या झाल्या. लिहिता न येणाऱ्याने कागदावर आपल्या नावापुढे आपली खूण काढायची असे. कुणबी नांगर काढी, वाणी तराजू काढी. सटवाजी पाटलांनी नांगर काढला. बाईची निशाणी म्हणजे बांगडी. कारकुनाने गोजराला बोलावले आणि लेखणी पुढे केली.

गोजराने दोन्ही हात पुढे केले. मनगटे मोकळी होती.

"माझी बांगडी उताराला फुटली," ती म्हणाली. "तुमच्या लोकांनी फोडली. त्यांच्यापाशी असंल तर आणा."

कारकून म्हणाला, "एक वाटोळे काढायचे आहे, बाई. तुझ्याने होत नसेल तर मी काढतो."

"काढा. पर ती तुमची बांगडी हुईल."

ती पाण्यातून बाहेर आली आणि रानात निघून गेली. कारकुनाने पुढे काय केले, यावर गावात दोन मते आहेत. कोणी म्हणतात त्याने स्वतःच बांगडी काढली. कोणी म्हणतात त्याचा हात झाला नाही.

कागद गढीवर गेला आणि गाव वाचले. हेही खरे आहे, आणि ते सांगितले पाहिजे. फौज परत आली नाही. गावाने गोजराला वाळीत टाकले नाही, शिव्या दिल्या नाहीत. ती विहिरीवर आली की बायका बाजूला सरून तिला जागा देत, आणि ती जाईपर्यंत गप्प राहत. तिच्याशी बोलायचे म्हणजे काय बोलायचे, हे कोणाला कळेना. हळूहळू तिने गावात येणे सोडले. ती माळ्यापाशी झोपडी घालून राहिली. पाखरे हाकायचेही तिने सोडले. कशासाठी हाकायची, असे तिला वाटले असावे. पण हे माझे अनुमान आहे, आत्याने तसे सांगितलेले नाही. त्या रानातल्या कणसांना पाखरे आपण होऊन तोंड लावीत नाहीत, असे गावात म्हणतात. लावतात. मी पाहिले आहे.

दर येळवशीला गाव इतर रानांत जाई, उताराकडे कोणी फिरकत नसे, आणि गोजरा दिवसभर माळ्यावर बसून राही. असे बारा वर्षे चालले, म्हणे.

तेराव्या येळवशीला सूर्य मावळायच्या सुमारास सटवाजी पाटील काठी टेकत उतारावर आले. फार म्हातारे झाले होते. दिसत कमी होते. ते माळ्याच्या खाली उभे राहिले आणि वर तोंड करून म्हणाले, "गोजरे, जागी हायस का?"

बारा वर्षांत तिला कोणी काही विचारले नव्हते. मग ती म्हणाली, "जागी हाय."

"काय पाहिलंस?"

पाटलांना वाटले होते की ती आता ते सगळे सांगेल. तेच ऐकायला ते आले होते. बयाजीचे तेवढे एकदा पुरते ऐकावे आणि मग मरावे, असे त्यांच्या मनात होते. पण गोजरा म्हणाली, "सकाळी दोन टिटव्या पाण्यावर आल्या. मग एक गाडी पलीकडनं गेली, तिचा डावा बैल लंगडत हुता. दुपारी वावटळ उठली. कुत्रं आलं, पानी पिऊन गेलं. आन आता तुमी आलात. एकटंच आलात, आन जोडं घालून आलात." मग म्हणाली, "याउपर मला ठाऊक न्हाई."

पाटील खाली बसले. ते रडत होते की हसत होते, ते वरून कळले नाही. "ऐकलं," ते म्हणाले.

मग ती माळ्यावरून उतरली, त्यांच्याशेजारी बसली, आणि बयाजीचे त्यांना सांगितले. ते काय सांगितले हे कोणाला माहीत नाही, कारण तिथे तिसरे माणूस नव्हते. दुसऱ्या दिवशी पाटलांनी गाव जमवून सांगितले की माझा नांगर खोटा आहे. कागद गढीवर होता, तो परत आणणे कोणाच्या हातात नव्हते. म्हणून पुढच्या येळवशीला मावळतीच्या वेळी सगळे गाव माळ्याखाली गेले आणि सगळ्यांनी मिळून विचारले.

गोजरा गेल्यावरही, मधली काही वर्षे सोडली तर, माळ्यावर कोणी तरी बसत आले. विचारणे तेच आहे आणि उत्तराची रीत तीच आहे. बाईने त्या दिवशी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले तेवढेच सांगायचे, ऐकलेले एक अक्षर सांगायचे नाही. कोणाच्या शेळीने कोणाचे रान खाल्ले, हेही सांगायचे. त्यावरून दोन-तीनदा भांडणेही झाली आहेत. शेवटी "याउपर मला ठाऊक न्हाई" म्हणायचे, आणि गावाने "ऐकलं" म्हणायचे. मग तिला आंबील देतात.

आमच्या गावात "मला झोप लागली होती" असे कोणी स्वतःबद्दल म्हणत नाही. "डोळा मिटला" म्हणतात. एखादा नवा जावई चुकून म्हणालाच, तर बायका पदराआड हसतात आणि विचारतात, "कुणासाठी लागली, दाजी?" त्याला काही कळत नाही. त्याला मग माझ्याकडे पाठवतात.

आता एक माझ्याबद्दल सांगायचे राहिले. ते पाहुण्यांना मी सांगत नाही. वेळ नसतो, हे एक कारण.

मी सव्वीस वर्षांचा असताना कायद्याची मोठी पदवी घेऊन गावी आलो. येळवस होती. त्या वर्षी केराआत्या माळ्यावर बसणार होती. पहाटे ती लुगडे नेसून निघाली, तेव्हा मी तिला सांगितले की शहरातल्या ग्रंथालयात जुन्या कागदांचे एक छापील पुस्तक मी पाहिले. त्यात आपल्या गावच्या चौकशीचा सारांश आहे. तीन ओळींचा आहे. गनिमाने एकोणीस माणसे मारली, माळ्यावरची बाई झोपली होती, पाहणारे कोणी नाही.

आत्या पायरीवर थांबली. "मंग ती खोटं बोलली म्हणतोस?"

"मी काही म्हणत नाही, आत्या. कागद म्हणतो."

"कागदावर तिची बांगडी हाय का?"

"पुस्तकात निशाण्या छापलेल्या नाहीत. नुसता सारांश आहे."

"मंग बघून ये की," आत्या म्हणाली. "शिकलायस न्हवं? मूळ कागद बघून ये, मंग बोल."

ती गेली. संध्याकाळी सगळ्या गावाबरोबर मीही माळ्याखाली उभा होतो. काय पाहिलंस, असे गावाने विचारले. आत्याने टिटव्या सांगितल्या, पाण्यावर आलेला बगळा सांगितला, मळ्यातला धूर सांगितला. मग म्हणाली, "आन सकाळी माझा भाचा म्हणाला, की ती झोपली हुती. त्याचं तोंड म्या पाहिलं. त्याला वाईट वाटत हुतं, पर त्यानं म्हणलं. याउपर मला ठाऊक न्हाई."

गाव "ऐकलं" म्हणाले. मी म्हणालो की नाही, ते मला आठवत नाही.

शिकलेल्या माणसाने सांगितले, ते गावात पसरले. पुढच्या वर्षी माळ्यावर बसायला कोणी तयार होईना. "कागदात तसं हाय तर मंग कशाला बसायचं," असे बायका म्हणू लागल्या. आत्या बसली. त्याच्या पुढच्या वर्षीही तीच बसली. अशी ती सलग नऊ वर्षे एकटी बसली, शेवटची दोन तर गुडघे धरून माळ्यावर चढली. खाली विचारायला कधी चार माणसे असत, कधी तिचा नवरा तेवढा असे. दहाव्या येळवशीच्या आधी ती वारली. त्या वर्षी माळा रिकामा राहिला. मी तेव्हा परीक्षेच्या उत्तरपत्रिका तपासत होतो.

मूळ कागद पाहायला एका दिवसाचा प्रवास होता. मी चौतीस वर्षे गेलो नाही. कामे होती, हे खरे आहे. पण कागदावर बांगडी निघाली तर काय करायचे, हे मला ठरवता येत नव्हते. आणि निघाली नाही तर काय करायचे, ते तर त्याहून कळत नव्हते. या दोन भीतींतली कुठली मोठी होती, हे मला अजूनही नक्की सांगता येणार नाही.

शेवटी साठी झाल्यावर गेलो. आल्यावर काय पाहिले ते गावाला सांगितले. त्या येळवशीला, आत्यानंतर रिकाम्याच राहिलेल्या माळ्यावर बसायला, तीन घरांतून बायका पुढे आल्या, त्यांच्यात वाद झाला आणि चिठ्ठ्या टाकाव्या लागल्या.

आजही येळवशीच्या दिवशी तांबरदऱ्याच्या उतारावर जा, माळ्यावर एक बाई बसलेली दिसेल. या वर्षी अंगणवाडीच्या शमीमताई बसल्या होत्या. माळ्यावरच्या बाईला जेवायला बोलावू नका. हातही करू नका. पण केलात, तर संध्याकाळी ती ते सांगेल. मावळतीला माळ्याखाली या आणि सगळ्यांबरोबर विचारा. केराआत्याला मी सांगू शकलो नाही, म्हणून इथे लिहून ठेवतो. तो कागद मी पाहिला. मोडी वाचणाऱ्या गृहस्थांकडून दोनदा वाचून घेतला, आणि तरीही भिंग मागून घेऊन स्वतः पाहिला. कागद कुठे फाटलेला नाही, शाई कुठे उडालेली नाही. खाली तेरा नावे आहेत. अकरा नावांपुढे नांगर आहे, त्यांतला पहिला सटवाजी पाटलांचा आणि रेघ हललेली. एका नावापुढे तराजू आहे. तेरावे नाव गोजरा कोम हरबा, त्यापुढे कारकुनाच्या अक्षरात 'निशाणी बांगडी' असे लिहिले आहे, आणि त्यापुढे कागद कोरा आहे.